‘खाली’ म्हणायचं नाही

२०१४ च्या दिवाळीनंतर आमची पोस्टिंग तलासरीला झाली. पोस्टिंग हा शब्द हवालदारांचा. खरं तर ते कायमचे घरी आले होते. घर पाड्यावर आधीपासूनच होतं आणि मी त्यात राहतच होते. पण घरी आलो असं ते म्हणाले नाहीत. पिशवी ओट्यावर ठेवली, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “रिपोर्टिंग.”

मी म्हटलं, “जेवणार का?”

“जेवणार.”

एवढंच बोलणं झालं.

हवालदार म्हणजे माझे पती, जानू. सगळा पाडा त्यांना हवालदार म्हणायचा, मीही म्हणायचे. फौजेत ते वर्कशॉपमध्ये होते. हातात बंदूक कमी, पाना जास्त. गाड्यांची इंजिनं उचलणारे होइस्ट दुरुस्त करणं हे त्यांचं काम. फौजेतून सुटल्यावर तारापूरच्या बाजूला एका कारखान्यात लागले आणि तिथेच खोली घेऊन राहिले. सणाला घरी यायचे. मुलगी लग्न होऊन वापीला गेली. म्हणजे लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी आमची एकमेकांशी ओळख बेताचीच होती. ही तक्रार नाही. तसं होतं म्हणून लिहिलं.

आता तालुक्यातले माजी सैनिक आठवणींचं पुस्तक काढतायत. त्यांचा माणूस घरी आला आणि म्हणाला, काकी, हवालदारांच्या लढाईच्या आठवणी लिहून द्या. मला एकही माहीत नाही. त्यांनी सांगितल्या नाहीत, मी विचारल्या नाहीत. मी चौथी शिकले आहे. हवालदारांची जी सर्व्हिस मी माझ्या डोळ्यांनी पाहिली तेवढीच लिहिते. ती डहाणू आणि तलासरीत झाली, आणि ती इलेक्ट्रिक होइस्टची होती.

होइस्ट म्हणजे वरच्या लोखंडी रुळाला टांगलेली मोटर. तिच्याखाली ड्रम, ड्रमवर गुंडाळलेला तारेचा दोर, त्याला सगळे रोप म्हणतात, आणि रोपच्या टोकाला जड हुक. बटणांची पेटी वायरने खाली लोंबते, तिला पेंडंट म्हणतात. एक बटण दाबलं की हुक चढतो, दुसरं दाबलं की उतरतो. चारोटीच्या गॅरेजात असा होइस्ट इंजिन उचलतो. तलासरीच्या हायवेवर गोदामात संगमरवराच्या लाद्या उचलतो. डहाणूला बर्फाच्या कारखान्यात बर्फाचे डबे उचलतो. तो बंद पडला की सगळ्यांचं काम बंद पडतं, आणि मग हवालदारांना फोन यायचा.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले कारण त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. लांबचं पक्ष्याइतकं स्वच्छ दिसायचं, पण पेंडंटमधला बारीक स्क्रू हाताला सापडायचा नाही. पहिल्यांदा नेलं तेव्हा म्हणाले, “स्क्रू काढायला चल.” नंतर कधी बोलवलं नाही, नको म्हणालेही नाहीत. सकाळी पिशवी उचलायचे आणि दारात थांबायचे. मी कुलूप लावायचे.

कामावर मी नंबर टू होते. तोफेवर माणसांना नंबर असतात म्हणे, तसा.

“नंबर टू.”

“हं.”

“हं नाही. यस.”

“यस.”

“फ्यूज?”

“माझ्या हातात.”

“क्लाइंबिंग.”

ही त्यांची ड्रिल होती. शिडी चढायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, चिनी मातीच्या तिन्ही फ्यूज ओढून काढायच्या आणि मी त्या हातात धरून उभं राहायचं. स्विच कुणीही चालू करू शकतो. फ्यूज माझ्या हातात असली तर मी दिल्याशिवाय करंट जात नाही. मालक आला तरी द्यायची नाही. चारोटीच्या गॅरेजवाल्याने एकदा मागितली होती. म्हणाला, “आजी, द्या, मी बसवतो.” मी म्हटलं, “माझा नवरा वर आहे. तुझं कुणी चढव, मग मागायला ये.” त्यानंतर तो मला बघितलं की दोन हात लांब उभा राहायचा.

त्याच गॅरेजात दुसऱ्या खेपेला होइस्ट पूर्ण बंद होता. मालक डोक्याला हात लावून बसला होता. हवालदारांनी पेंडंट हातात घेतला. सगळं बंद करायचं लाल बटण कुणाच्या तरी हाताने दाबलं गेलं होतं. ते गोल फिरवून सोडलं. होइस्ट चालू झाला.

“एवढंच?” मालक म्हणाला.

“एवढंच.”

“मग एवढ्या लांबून आलात कशाला?”

“तू बोलावलंस.”

त्यांनी मला जे शिकवलं ते सांगते. आधी लाल बटण बघायचं. मग फ्यूज. मोटर नुसती भुणभुण करत असेल आणि हुक हलत नसेल, तर तीन तारांपैकी एकीत करंट नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबलं तर मोटर जळते, म्हणून आधी बटण सोडायचं, मग डोकं चालवायचं. बटण कधी लागतं, कधी लागत नाही, तर वायर पेटीच्या मानेशी आतून तुटलेली असते, कारण लोक पेंडंट धरून अख्खा होइस्ट ओढतात. आत टकटक आवाज येत असेल तर व्होल्टेज कमी आहे. रोप नुसत्या हाताने तपासायचा नाही. फडकं गुंडाळून सरकवायचं. फडकं अडकलं तिथे तार तुटलेली आहे. बटण सोडल्यावर हुक जागेवर न थांबता वीतभर घसरत असेल, तर ब्रेक गेला.

आणि एक शब्द म्हणायचा नाही. खाली.

त्याचं कारण तलासरीच्या संगमरवराच्या गोदामात घडलं. गोदामवाल्याने ट्रककडे बोट करून सांगितलं, “खाली करो.” त्याला ट्रक रिकामा करायचा होता. गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. पेंडंट धरलेला माणूस आमच्याकडचा. त्याने लादी होती तिथेच खाली सोडली. लादी एका मजुराच्या जेवणाच्या डब्यावर टेकली. डबा पापडासारखा झाला. त्याचा पाय बाजूलाच होता. सगळे हसले. मजूर पण हसला, म्हणाला, “बरं झालं, आज भाजी नव्हतीच.” हवालदार हसले नाहीत.

घरी येताना एसटीत म्हणाले, “खाली म्हणजे हुक खाली, की माणूस खाली, की गाडी खाली? ऑर्डरला एकच अर्थ पाहिजे. अप, डाऊन, स्टॉप, कट. बास.”

स्टॉप पेंडंटवाल्यासाठी, त्याने बटण सोडायचं. कट माझ्यासाठी, मी मेन स्विचचं हँडल ओढायचं.

एसटीतलं ते त्यांचं सगळ्यात लांब बोलणं होतं. मी सगळं ऐकलं. कामाच्या दिवशी आम्ही असं थोडं बोलायचो. घरी आलो की ते पायरीवर बसायचे आणि हायवेच्या दिशेला बघायचे. मी चुलीशी. एवढी वर्षं एकटीने काढल्यावर घरात दुसरं माणूस बसलंय याची सवय व्हायला वेळ लागतो. सवय झाली आहे असं वाटायच्या बेतात होतं, तेव्हा २०१८ चा पावसाळा आला.

डहाणूच्या बर्फाच्या कारखान्यात पेंडंट धर्माच्या हातात असायचा. धर्मा पूर्वी बोटीवर खलाशी होता. गुडघा गेला म्हणून जमिनीवर आला. पण जीभ बोटीवरच राहिली. खलाशी उचलायला हाबेस म्हणतात आणि सोडायला आरिया. धर्मा होइस्टलाही तेच म्हणायचा. हवालदारांनी त्याला दरवेळी दुरुस्त करायचं आणि त्याने दरवेळी ऐकायचं नाही.

“अप म्हण.”

“हाबेस म्हटलं तरी वरच जातंय ना, हवालदार? तुमच्या अपला काय जास्त पगार आहे?”

मला म्हणायचा, “वयनी, घरात पण हे असंच बोलतात काय? चहा, अप! कप, डाऊन!”

मी म्हटलं, “घरात बोलत नाहीत.”

त्याने एक रिकामं खोकं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, “बसा वयनी, चहा सांगतो.”

त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी वादळी वारा झाला आणि कारखान्याकडे जाणारी विजेची लाइन पडली. माणसं आली, लाइन जोडून गेली. जोडताना तीन तारांपैकी दोन इकडच्या तिकडे लागल्या. दिव्याला त्याने फरक पडत नाही. मोटरला पडतो. मोटर उलटी फिरते. कारखान्याच्या बाकीच्या मोटरी त्यांच्या माणसाने सुलट्या करून घेतल्या. होइस्टकडे कुणी बघितलं नाही. धर्माने वरचं बटण दाबलं तर हुक उतरला. खालचं दाबलं तर चढला.

त्याने आम्हाला फोन करायला हवा होता. पण बोटी निघायच्या तयारीत होत्या, बर्फ हवा होता, शेठ डोक्यावर उभा होता. धर्माने बोटीला लावायचा लाल रंग आणला. खालच्या बटणावर ‘हा’ लिहिलं, हाबेसचा. वरच्यावर ‘आ’ लिहिलं, आरियाचा. पेंडंटवर मिठाचं पाणी उडू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधलेलीच असायची, ती परत बांधली. होइस्ट चालू झाला. त्याच्या हिशेबाने दुरुस्ती झाली.

कळीची गोष्ट इथे आहे, म्हणून सावकाश वाचा. हुक फार वर जाऊन ड्रमला धडकू नये म्हणून वर एक लिमिट असतं. रोपच्या बाजूला एक वजन टांगलेलं असतं. हुकाने ते वजन उचललं की टक आवाज होतो आणि वर जायची वाट बंद होते. पण ते लिमिट वरच्या बटणाच्या वायरीत बसवलेलं असतं. हुक खालच्या बटणाने वर जायला लागला, तर त्या वाटेत लिमिट नसतंच. टक होतं, पण काही थांबत नाही.

आम्हाला बोलावलं ते ब्रेकसाठी. पौर्णिमा होऊन गेली होती. डबा उचलून बटण सोडलं की घसरत होता. आम्ही सकाळी पोचलो. शेठ गेटवरच होता. “हवालदार, जरा जल्दी. सीझन छे.” हवालदारांनी त्याच्याकडे बघितलं नाही. पिशवी उघडली.

“नंबर टू.”

“यस.”

“फ्यूज?”

“माझ्या हातात.”

“क्लाइंबिंग.”

ब्रेकच्या पट्टीवर वरून तेल गळत होतं आणि पट्टी झिजली होती. त्यांनी गळती बंद केली, नवी पट्टी बसवली, फट अंगठ्याच्या नखाने बघितली. डोळ्याने दिसत नव्हती. काम व्हायला दुपार झाली. मी तोवर फ्यूज धरून बसले होते. हाताला घाम आला की पदराला पुसायचे, पुन्हा धरायचे.

ते शिडीवरच थांबले. ब्रेक धरतो का ते जवळून बघायचं होतं. तिथून त्यांना हुक दिसत होता. पेंडंट दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी पिशवीत होता. मला भिंतीपासून हुक आणि हवालदार दोन्ही दिसत होते.

“फ्यूज इन.”

मी बसवल्या, हँडल वर केलं.

“धर्मा. अप-डाऊन ठीक?”

“एकदम ठीक. हाबेस-आरिया चोख.”

“अप.”

हुक वर गेला.

“स्टॉप.”

थांबला. घसरला नाही.

“डाऊन.”

हुक उतरला.

“स्टॉप.”

थांबला. हवालदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दिशा बरोबर, ब्रेक बरोबर. हीच तपासणी ते नेहमी करायचे. त्या दिवशी तपासणीला धर्माच्या रंगाने फसवलं. ऑर्डर अप होती, हुक अप गेला, चूक कुठे दिसणार?

“आता लिमिट. अप. हळू.”

हुक चढत गेला. वजन उचललं. टक आवाज आला, मला भिंतीपाशी ऐकू आला. हुक थांबला नाही.

अशा वेळी स्टॉप म्हणायचं. ते त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. ते स्टॉप म्हणाले नाहीत. कटही म्हणाले नाहीत. ते ओरडले, “खाली! खाली!”

त्यांचा आवाज मी ओळखला नाही. कुणा दुसऱ्याच माणसाचा वाटला. मी हँडल ओढलं. ऑर्डर नव्हती, तरी ओढलं. हँडल आधी आलं की हुक ड्रमला धडकून रोप आधी तुटला, ते मला माहीत नाही. हुक बर्फ गोठवायच्या टाकीच्या लाकडी झाकणावर पडला आणि झाकण फुटलं. रोपचं टोक शिडीला लागलं. हवालदार सिमेंटवर पडले.

मी गेले. त्यांना बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, “फ्यूज माझ्या हातात.” ते खोटं होतं, फ्यूज स्विचमध्येच होत्या. पण ऐकून त्यांनी डोळे मिटले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

धर्मा दवाखान्याच्या दारात गुडघा धरून बसला होता. म्हणाला, “वयनी, हवालदार खाली बोलले. मी खालचंच दाबून होतो. मला वाटलं बटण नीट लागत नाही. मी अजून जोरात दाबलं.”

तेव्हा मला सगळं कळलं. पिशवी सोडून बटणं नंतर बघितली, पण कळलं तिथेच.

मी त्याला शिवी दिली नाही. काही बरंही बोलले नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात लिहिलं. बारावं झालं. मुलगी म्हणाली, वापीला चल. मी म्हटलं, बघू. ती गेली. घर पूर्वी होतं तसं झालं. पूर्वी मला ते घर एकटं वाटायचं नाही, कारण दुसरं काही माहीत नव्हतं. आता सकाळी मी कुलूप हातात घेऊन दारात उभी राहायचे आणि मग आठवायचं की कुठे जायचं नाही.

एका सकाळी धर्मा आला. एसटीने आला होता, लंगडत चढ चढला होता. ओट्यावर बसला नाही.

“वयनी, शेठने नवा रोप टाकून घेतला. बटणं तशीच आहेत. मी सांगितलं, मी हात लावणार नाही. शेठ म्हणतो, दुसऱ्याला उभा करतो.”

“मग?”

“तो दुसरा पण मरेल. तुम्ही चला.”

“बाहेर मेकॅनिक मेले काय सगळे?”

“एक येऊन गेला. हुक वर गेला, खाली आला, बोलला ओके आहे.”

मी पिशवी उचलली. कुलूप लावलं.

कारखान्यात शेठ म्हणाला, “बेन, तमे?” मी म्हटलं, “लाइन जोडली तेव्हा तारा उलट्या लागल्या. तासाभराचं काम आहे. बोलत बसलात तर दोन तासांचं.” तो बाजूला झाला.

मी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढल्या आणि धर्माला दिल्या. त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. बर्फाचे डबे भरणारी माणसं लांब उभी राहून बघत होती. मी टेस्टर लावून बघितलं. तीन तारांपैकी दोन सोडल्या, अदलाबदल केली, आवळल्या. होइस्टचं सगळं दुखणं तेवढंच होतं. एवढ्याशा कामासाठी हवालदारांना बोलावलं असतं तर ते म्हणाले असते, एवढंच. आणि आम्ही दुपारच्या एसटीने घरी आलो असतो.

मग पेंडंटची पिशवी फाडली. धर्माच्या हातात मासे कापायची सुरी दिली.

“रंग काढ.”

त्याने ‘हा’ खरवडला. ‘आ’ खरवडला. खाली जुने बाण निघाले. कडेला राहिलेला रंगही त्याने नखाने काढला. मी घाई केली नाही.

“फ्यूज?” मी म्हटलं.

“माझ्या हातात, वयनी.”

“बसव. आणि सगळे मागे व्हा. हुकाखाली कुणी नको, शिडीवर कुणी नको.”

पेंडंट मी घेतला, वायर ताणून जेवढं लांब जाता येईल तेवढी गेले. धर्माला हँडलपाशी उभं केलं. वरचं बटण जरासं टेकवलं. हुक वर सरकला. मग दाबून धरलं. हुक चढत गेला. वजन उचललं. टक झालं आणि हुक थांबला. मी बटण सोडलं नव्हतं, तरी थांबला.

टक त्या दिवशीही झालं होतं.

धर्मा हँडलपाशी रडत होता. मी म्हटलं, “अप म्हण.”

“अप,” तो म्हणाला.

आता तो हाबेस म्हणत नाही. मला त्याचं बरं वाटत नाही. हाबेस शब्दात काही वाईट नव्हतं.

मी अजून जाते, पण थोडी. या वर्षी गुडघे दुखतात. शिडी चढत नाही, दुसऱ्याला चढवते. पावसाळ्यात लाइन पडून जोडली गेली असं कळलं की ओळखीच्या ठिकाणी फोन करते. हुक तळाशी ठेवा, वरचं बटण जरासं टेकवा, हुक खाली गेला तर रंग आणू नका, मला बोलवा. काही बोलावतात. काही म्हणतात, म्हातारीला दुसरं काम नाही. खरंच नाही.

पुस्तक काढणाऱ्यांना एक सांगायचं आहे. दरवर्षी तुमच्या कार्यक्रमात पडलेल्यांची नावं वाचतात आणि सगळे उभे राहतात. मागच्या वेळी मीही गेले होते, मागच्या रांगेत उभी राहिले. हवालदारांचं नाव त्यात नव्हतं, ते बरोबरच आहे. ते लढाईत पडले नाहीत, बर्फाच्या कारखान्यात शिडीवरून पडले. नाव घाला असं मी म्हणत नाही.

मी एकच विचार पुष्कळ केला. एवढी वर्षं त्यांनी ऑर्डर इंग्रजीत दिली. भीती वाटली तेव्हा मराठीत बोलले. माझ्यासमोर ते तेवढ्याच वेळी घाबरले, आणि तो एकच शब्द त्यांनी स्वतः मना केलेला होता. त्यावर मी रागावले होते. आता नाही. घरचा शब्द होता, तोंडात आला.

तुम्हाला रिपोर्ट हवा असेल तर हा घ्या. हवालदार जानू, वर्कशॉप. डहाणू येथे कामावर असताना पडले. हातातलं काम पुरं केलं होतं. परवा मी त्या कारखान्यात गेले तेव्हा डबा अर्ध्यावर उचलून बटण सोडायला लावलं आणि बाजूला खाली बसून बघत राहिले. ब्रेक अजून धरतो.